धूळ जिथे उठते तिथे कुणी बघणार का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी घोडबंदर रोडला राहते, वाघबीळच्या पुढे, सातव्या मजल्यावर, सोळा वर्षं झाली इथे येऊन. हे पत्र धुळीबद्दल आहे. आधी वाटलं धुळीवर काय पेपरला पत्र लिहायचं, प्रत्येकाच्याच घरात असते, फडकं मारायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, पण मागच्या दोन-तीन वर्षांत जे बघतेय ते लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून बसलेय. पत्र जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझं माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्यातलं, ढालगावच्या बाजूचं. ज्यांनी तो भाग बघितलाय त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नाही बघितला त्यांच्यासाठी सांगते. तिकडे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लागला तर लागला. सह्याद्रीच्या पलीकडे सगळं पाणी सांडून ढग आमच्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात, पण वारा मात्र रिकामा होत नाही. जेष्ठ-आखाडात इकडे ठाण्यात लोक छत्र्या सांभाळत असतात तेव्हा तिकडे माळावर कोरडा वारा असा सुटतो की माणूस तिरका चालतो, म्हणून तर त्या माळांवर एवढ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. त्यामुळे धूळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात वाटेवरचा फुफाटा पायाला चटके द्यायचा, वावटळ आली की दोरीवरचे कपडे दुसऱ्याच्या परड्यात जाऊन पडायचे, भाकरीत कधीमधी दाताखाली कचकच यायची. अशा ठिकाणी मी वीस वर्षांची होईपर्यंत वाढले. आणि तरीसुद्धा सांगते, तिकडच्या धुळीचा मला इतका त्रास कधी झाला नाही जेवढा इथे ठाण्यात होतोय.

यात फरक काय आहे तो मला माझ्या सासूबाईंनी दाखवला (आम्ही त्यांना आत्या म्हणतो). मागच्या जानेवारीत त्या इकडे आलेल्या. पहिल्याच दिवशी दुपारी हॉलच्या खिडकीपाशी बसलेल्या, स्लायडिंगच्या पट्टीत जी धूळ साचते ती त्यांनी चिमटीत घेतली आणि दोन बोटांत चोळून बघितली, जसं दळण कसं पडलंय बघायला पीठ चोळतात तसं. म्हणाल्या, "ही माती न्हवं गं. दगड दळल्यागत लागतंय हाताला. ह्यात काय उगवायचं न्हाय." मी तोपर्यंत रोज ती धूळ पुसत होते पण कधी हातात घेऊन बघितली नव्हती. मग मीही बघितली. खरंच, मातीला जो मऊपणा असतो, तांबूस-काळा रंग असतो, पाणी लागलं की वास येतो, त्यातलं काहीच नाही. करडी, पांढुरकी, बोटाला खरखरीत. त्या रात्री फडकं बादलीत पिळलं आणि बादली तशीच राहिली, सकाळी बघते तर तळाला राखेसारखा एक थर घट्ट बसलेला, नखाने खरवडून काढावा लागला. आमच्या खिडकीसमोर दोन टॉवरचं काम चालू आहे, थोडं पुढे रेडीमिक्स काँक्रीट घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, रस्त्याच्या कडेला खडीची भुकटी पडलेली असते. नदीची वाळू मिळत नाही म्हणून आता सगळीकडे दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात. म्हणजे आत्या म्हणाल्या ते शब्दशः खरं आहे, आपण दळलेला दगड पुसतोय आणि श्वासातून घेतोय.

आता कुणी म्हणेल ठाणे काय कोरडं, वाऱ्याचं गाव आहे का, इथे तर धो धो पाऊस. बरोबर आहे, चार महिन्यांत २५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण दसरा-दिवाळीपासून ते जूनपर्यंत जवळपास आठ महिने इथे थेंब नसतो हे आपण विसरतो. आणि पावसाळ्यात जे होतं तेच पुढच्या धुळीचं बियाणं असतं. खड्ड्यात खडी आणि भुकटी टाकतात, ती आठ दिवसांत गाड्यांच्या चाकाखाली निघून कडेला येते, डोंगरावरून गाळ वाहून रस्त्यावर येतो, गटारातून काढलेला गाळ तिथेच काठावर ढीग करून ठेवतात, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की हे सगळं वाळून हलकं होतं. मग वाऱ्याची पण फार गरज लागत नाही. रात्री जेएनपीटी बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारे मोठमोठे ट्रेलर आणि डंपर सुरू झाले की त्यांच्या चाकांचाच वारा पुरतो. मी झोप लागत नाही तेव्हा गॅलरीत उभी राहून बघितलंय, रस्त्याच्या दिव्याखाली एक ट्रेलर गेला की मागे धुरळ्याचा पडदा उठतो, तो खाली बसायच्या आत दुसरा ट्रेलर येतो, की परत. तीच धूळ, उठते, बसते, परत उठते. काही कुठे जातच नाही.

मोठी वादळं येतात ती वेगळीच. २३ जानेवारी २०२२ चा रविवार मला आठवतो, आकाश असं मळकट झालेलं की समोरचा येऊरचा डोंगर गायब, गाड्यांवर पांढरी पूड, आणि नंतर कळलं की ती धूळ कराचीच्या बाजूने समुद्रावरून आली होती. मग १३ मे २०२४ चा सोमवार, दुपारी अचानक अंधारून आलं आणि पिवळ्या-तपकिरी धुळीची भिंतच आली, त्याच वादळात घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली. त्या दिवशी आमच्या समोरच्या साइटवरचा हिरवा पडदा फाटून आमच्या गॅलरीच्या ग्रिलला येऊन अडकला होता आणि त्यातून झटकून पडलेली सिमेंटची पूड मी दोन दिवस काढत होते. पण ही वादळं वर्षा-दोन वर्षांतून एकदा. कराचीची धूळ आपण अडवू शकत नाही हे मला कळतं. मी बोलतेय ती बांधकामाच्या गेटासमोरच्या धुळीबद्दल, जी रोजची आहे आणि जी अडवता येते.

घरात आम्ही काय करतो ते थोडं लिहिते, कारण कित्येक बायकांना हे उपयोगी पडेल आणि मला स्वतःला शिकायला बरीच वर्षं लागली. पहिली गोष्ट, कोरडं झटकणं बंद. पिसाचं झाडणं किंवा कोरडं फडकं मारलं की धूळ जात नाही, फक्त टेबलावरून उठून हवेत जाते आणि तासाभराने परत टेबलावर येते, मधल्या वेळात ती आपल्या नाकात असते. फडकं ओलं पाहिजे, पण निथळणारं नको, घट्ट पिळलेलं, आणि घडी घालून एकेक बाजू वापरायची, मळली की बाजू बदलायची. वरून खाली यायचं, आधी पंख्याची पाती (जुना उशीचा अभ्रा ओला करून पात्याला घालायचा आणि ओढायचा, सगळी धूळ अभ्र्यात), मग कपाटाचा माथा, मग खाली, आणि लादी सगळ्यात शेवटी. खिडकीची पट्टी आधी जुन्या टूथब्रशने सुटी करून मग सुरीला ओलं फडकं गुंडाळून काढायची, तिथे कोरडा ब्रश फिरवून सोडून दिला तर वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला सगळं आत. किचनमधली धूळ वेगळी, ती तेलाच्या वाफेत मिसळून चिकट होते, तिला गरम पाणी आणि सोडाच लागतो. एसीची जाळी आमच्याकडे ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. दारात पायपुसणं एक बाहेर एक आत, आणि बाहेरचं रोज ओलसर ठेवायचं. पाण्याच्या माठावर फडकं, वाळत घातलेली डाळ-पापड गॅलरीत नाही, गच्चीवर तर नाहीच.

खिडक्या कधी उघडायच्या हा मोठा प्रश्न आहे. पूर्ण बंद ठेवल्या तर घर कोंदट होतं, बुरशी येते. मी एक वही ठेवलीय, आता दोन वर्षं झाली. रोज सकाळी खिडकीची चौकट पुसून कोरडी करते आणि संध्याकाळी सहाला त्यावर बोट फिरवून बघते, बोट उमटलं की नाही, किती उमटलं, वारा कुठून होता, समोर काय काम चालू होतं, एवढंच लिहिते. शिकलेल्या माणसाला हे पोरकट वाटेल पण त्यातून मला काही गोष्टी नीट कळल्या. हिवाळ्यात भल्या पहाटे वारा पडलेला असतो, गार हवा खाली बसून राहते आणि धूर-धुकं सगळं तिच्यात अडकतं, तेव्हा फिरायला जाणं आणि खिडक्या सताड उघडणं दोन्ही चुकीचं. ऊन वर आलं की हवा जरा मोकळी होते, आमच्याकडे दहा ते बारा हा वेळ बरा. दुपारी दोननंतर वारा सुटतो आणि तेव्हा मात्र जाड धूळ येते, तेव्हा बंद. आणि तिसरी गोष्ट जी माझ्या मनात घर करून बसलीय ती ही, की बोट सगळ्यात जास्त उमटतं ते वाऱ्याच्या दिवशी नाही, तर ज्या दिवशी समोर माती उचलायचं किंवा दगड-लादी कापायचं काम असतं आणि पाणी मारलेलं नसतं त्या दिवशी. वारा तसाच, मोसम तोच, पण पाणी मारलं त्या दिवशी बोट जेमतेम उमटतं. हे माझ्या वहीत एकदा नाही, कितीतरी वेळा आहे.

गावाकडे हे सगळ्यांना माहीत असतं हो. धूळ उठायच्या आधी ओली करायची, एवढंच तिकडचं शास्त्र. सकाळी अंगणात सडा, आठवड्याला सारवण, उन्हाळ्यात दारात भिजवलेलं गोणपाट. झाडायच्या आधी पाण्याचा हबका मारल्याशिवाय झाडू हातात घेतला तर आजी ओरडायची. आणि खळं कुठे घालायचं हे वारा बघून ठरायचं. मळणीच्या दिवसात सगळ्या गावाचा भुसा आणि कुसळं उडतात, म्हणून खळं गावाच्या अशा बाजूला की वारा गावाकडून खळ्याकडे जाईल, उलटा नाही. खळ्याची जमीन आधी पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून घट्ट करायची, मगच त्यावर धान्य. उफणायला उभा राहणारा माणूस वाऱ्याकडे पाठ करून. एखाद्याच्या खळ्याचं भुसकट शेजाऱ्याच्या घरात गेलं तर त्याला चारचौघात ऐकून घ्यावं लागायचं, आणि ते तो ऐकून घ्यायचा, कारण धूळ ज्याची त्याने सांभाळायची असा तिथला रिवाज. कुणी शेजारणीला म्हणायचं नाही की तू तुझ्या खिडक्या बंद ठेव.

इथे मात्र नेमकं तेच म्हणतात. समोरच्या बांधकामाच्या ऑफिसात मी २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले होते, धुळीने भरलेलं फडकं घेऊनच गेले. तिथला माणूस वाईट वागला नाही, चहा विचारला, पण म्हणाला, मॅडम काम आहे तर धूळ येणारच, तुम्ही खिडक्या बंद ठेवा ना, दोन वर्षांचा प्रश्न आहे. दोन वर्षं! माझा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला रात्रीचा खोकला लागायचा, डॉक्टरांनी इनहेलर दिलेला, छोट्या मुलांना तोंडाला लावायचा तो मास्क असतो ना फुग्यासारखा, तो लावला की तो घाबरून रडायचा, आणि माझी सून त्याला मांडीत धरून दहापर्यंत आकडे मोजायची. दोन वर्षं म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा भाग. मग मी संबंधित कार्यालयात ऑनलाइन तक्रार टाकली. आठ दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं, सोबत फोटो, आणि फोटोतलं गेट आमच्या समोरचं नव्हतंच. परत टाकली, परत तेच. मी कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एकाला धरून मारायचं नाहीये, पण हे असं झालं हे खरं.

आणि एकदा चांगलंही झालं ते पण सांगते. त्या साइटवर एक मुकादम होता, मराठवाड्यातला, त्याची बायको-मुलं तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायची. मी एक दिवस गेटावरच त्याच्याशी बोलत उभी राहिले आणि बोलता बोलता त्याच्या पोरीला खोकला लागला, तोच खोकला, कोरडा, थांबत नाही असा. मी म्हटलं, भाऊ, माझा नातू सातव्या मजल्यावर आहे तर त्याला हा त्रास, तुमचं लेकरू तर ढिगाऱ्याच्या शेजारी झोपतंय. त्याला काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून त्याने सकाळी आठला आणि दुपारी दोनला गेटासमोर पाइपने पाणी मारायला लावलं, वाळूच्या ढिगावर ताडपत्री टाकली आणि कडा विटांनी दाबल्या, लादी कापायचं मशीन आत नेलं आणि त्यावर पाण्याची धार ठेवली. बस, एवढंच. कसलं मोठं मशीन नाही, कसला कोटींचा खर्च नाही. माझ्या वहीत ते साडेतीन महिने वेगळे दिसतात. मग तो दुसऱ्या साइटवर गेला, नवीन माणूस आला, आणि आठवड्यात सगळं पहिल्यासारखं.

हेच तर माझं म्हणणं आहे, की हे एका मुकादमाच्या मनावर का असावं? नियम नाहीत असं नाही. मी मुलाला सांगून शोधून घेतले. २००९ पासून देशात हवेतल्या धुळीचं प्रमाण ठरलेलं आहे, १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या वर नको, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक ती ६० च्या वर नको. (आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकून शिंकेतून जाते, जी दिसतच नाही ती खोल फुफ्फुसात जाते.) जानेवारी २०१८ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खास बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले. साइटकडे जाणारा रस्ता पक्का असला पाहिजे, माती-वाळू-सिमेंट उघडं ठेवायचं नाही, उघड्यावर दगड कापायचा-घासायचा नाही, पाणी मारायची सोय पाहिजे, माल आणि डेब्रिज नेणारी गाडी झाकलेली पाहिजे, आणि धुळीसाठी आम्ही काय काय केलंय याची पाटी लोकांना दिसेल अशी साइटवर लावली पाहिजे. अशी पाटी मी आमच्या पट्ट्यात कुठे बघितली नाही, बिल्डिंगच्या स्विमिंग पूलचे फोटो मात्र चाळीस फुटांचे आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, मुंबई महापालिकेने ७० मीटरपेक्षा उंच कामांना भोवती ३५ फूट उंच पत्रा सांगितला, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुवायची सोय सांगितली. कागदावर सगळं आहे. आपल्या बाजूच्या नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर इतकंच काय आमचं सांगली शहरसुद्धा २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवा खराब आहे हे सरकारनेच मान्य केलंय.

चाकं धुण्याचं तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही साइटच्या गेटासमोर उभं राहून बघा, डांबरावर दोन पांढरे पट्टे गेटातून निघतात आणि पार सिग्नलपर्यंत जातात. डंपर चिखलातून बाहेर आला की त्याच्या टायरच्या खाचांतून तो चिखल रस्त्यावर सांडत जातो, दुपारी वाळतो, आणि मग येणारी प्रत्येक रिक्षा, बाइक, बस तो उडवते. गेटावर एक उथळ खड्डा, त्यात पाणी, डंपर त्यातून गेला पाहिजे आणि एका माणसाने प्रेशरच्या पाइपने चाकं मारली पाहिजेत, दोन मिनिटांचं काम आहे. आता कुणी म्हणेल पाणी कुठून आणायचं, घोडबंदरला तर आम्हीच टँकर मागवतो. मान्य. पण मोठ्या सोसायट्यांच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून (एसटीपी) जे प्रक्रिया केलेलं पाणी निघतं त्यातलं झाडांना घालून उरलेलं गटारात जातं. ते या कामाला घ्या. पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतावं असं मी कधीच म्हणणार नाही, मी ज्या गावची आहे तिथे हंड्याची किंमत मला माहितीये.

मधे आमच्या रस्त्यावर ते हवेत तुषार उडवणारं तोफेसारखं मशीन लावलेली गाडी दोनदा येऊन गेली. बघायला बरं वाटलं, पोरं धावली मागे. पण मी कडेला उभी राहून बघितलं, गाडी गेली, पाच-दहा मिनिटं गारवा, रस्ता ओला, अर्ध्या तासात वाळला आणि धूळ जिथल्या तिथे. ती धूळ उचलली कुणी? उचलायला पाहिजे, पोत्यात भरून न्यायला पाहिजे, विशेषतः दुभाजकाच्या कडेला आणि फुटपाथच्या कडेला जी बोटभर जाडीची वाळू साठते ती. मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्यायचं काम, मानपाड्याच्या बाजूला बोरिवलीच्या बोगद्याचं काम, हे सगळं आम्हाला हवंच आहे, ट्रॅफिकमध्ये आम्हीच दोन दोन तास बसतो, त्यामुळे कामं थांबवा असं माझं म्हणणं मुळीच नाही. म्हणणं एवढंच की खोदलेली जागा बुजवली की कडेपर्यंत पक्की करा. डांबर आणि गटार यांच्यामध्ये जो हातभर कच्चा पट्टा सोडतात ना, तो पट्टाच सगळ्या धुळीचं आगर आहे. निदान तिथे गवत तरी लावा.

आणि त्या झाडणाऱ्या बायका. पहाटे साडेपाचला आमच्या रस्त्यावर येतात, मोठा खराटा, कोरडा रस्ता, आणि त्या झाडतात तेव्हा कमरेपर्यंत धुळीत असतात. तोंडाला ओढणी. एका बाईंशी माझी ओळख झालीय, त्या पंधरा वर्षं हे काम करतात, दोन जिने चढल्या की थांबतात. पूर्वी गाणं म्हणायच्या म्हणे भजनात, आता दम पुरत नाही म्हणून सोडलं. दगडाच्या भुकटीत जी सिलिका असते तिने फुफ्फुसं कायमची निकामी होतात, सिलिकोसिस म्हणतात त्याला, खाणीतल्या आणि दगड कापणाऱ्या कामगारांना होतो आणि त्यावर औषध नाही. माझी पुसून पुसून पाठ दुखते यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण या बायकांना नीट बसणारा एन-९५ मास्क, झाडायच्या आधी रस्त्यावर पाण्याचा हबका, आणि मोठ्या रस्त्याला धूळ ओढून घेणारं मशीन, एवढं दिलं पाहिजे हे मी पुन्हा पुन्हा म्हणेन. ओढणीने जाड धूळ अडते, बारीक धूळ आरपार जाते.

आमच्या घरातल्या माणसांनाही मी हेच सांगते. आमच्याच सोसायटीत कुणाचं ना कुणाचं रिनोव्हेशन चालू असतं, ग्राइंडरने लाद्या कापतात, दार उघडं, जिन्यात पांढरा ढग, आणि पॅसेजमध्ये डेब्रिजची फाटकी पोती आठ आठ दिवस. समोरच्या बिल्डरला बोलायचं तर आधी आपण नीट वागलं पाहिजे. म्हणून आम्ही सोसायटीत गेल्या वर्षीपासून ठरवलंय की कापायचं काम बाथरूममध्ये पाणी सोडून, दाराला ओली चादर, पोती त्याच दिवशी खाली आणि तोंड बांधून. दोन घरं सोडली तर सगळे ऐकतात. वॉचमनला आणि झाडूवाल्याला सांगून पार्किंगमध्ये कोरडं झाडणं बंद केलंय, आधी एसटीपीचं पाणी, मग झाडू. पहिल्या महिन्यात लोकांनी तक्रार केली की पार्किंग ओलं राहतं, आता कुणी बोलत नाही, गाड्या रोज पुसायला लागत नाहीत ना.

माझा नातू आता शाळेत जातो. बसस्टॉप बरोबर त्या गेटासमोर आहे. सकाळी सव्वासातला तिथे दहा-बारा मुलं उभी असतात, आणि नेमकी तीच वेळ रात्रीचे डंपर आत-बाहेर व्हायची. आम्ही आया-आज्या मिळून मुलांना मास्क लावतो, गाडी येताना दिसली की त्यांची तोंडं फिरवून आपल्या पोटाशी धरतो. शाळेला विनंती करून स्टॉप दोनशे मीटर पुढे घ्यायचा प्रयत्न चालू आहे. पण निदान सकाळी सात ते आठ या वेळात त्या गेटातून डंपर काढू नका, किंवा काढायच्या आधी रस्ता भिजवा, ही विनंती आम्ही लेखी दिलीय, बावीस पालकांच्या सह्या आहेत, पोच घेतलीय. दोन महिने झाले, उत्तर नाही.

सरकारचं 'समीर' नावाचं ॲप आहे, त्यात हवेचा आकडा दिसतो, मी रोज बघते. कधी तो समाधानकारक असतो आणि माझ्या चौकटीवर बोट स्पष्ट उमटलेलं असतं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, मोजायचं यंत्र जिथे आहे तिथली हवा ते सांगतं, आमच्या गेटासमोरची ते कसं सांगणार? त्यासाठी कुणीतरी माणूसच यायला पाहिजे, आणि तो सकाळी अकराला गाडीतून काच लावून येऊन उपयोग नाही.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत महापालिकेच्या पर्यावरण आणि बांधकाम विभागाच्या अधिकाऱ्यांना, आमच्या लोकप्रतिनिधींना आणि तुमच्या बातमीदारांनाही बोलावणं करते. कासारवडवलीपासून मानपाड्यापर्यंत आमच्या बाजूच्या एकूण चौदा गेटांची नोंद माझ्या वहीत आहे, कुठे चाकं धुतात (दोन ठिकाणी), कुठे ताडपत्री आहे, कुठे नुसता फाटका हिरवा पडदा, तारीख-वेळेसकट. कुणीही या, मी आणि आमच्या सोसायटीतल्या चार बायका वही घेऊन तुमच्यासोबत चालत फिरायला तयार आहोत. फक्त दुपारी दोन ते पाचच्या मधे या, तेव्हा वारा असतो.

आपली,
एक आजी, घोडबंदर रोड, ठाणे (प.)